पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. लग्नाच्या याद्या चाललेल्या असोत की दिवाळीची खरेदी, घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस हे वाक्य उच्चारल्याशिवाय राहत नाही. म्हण करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अर्थातच घरचा संसार होता. संसारात पैसा असतो किंवा नसतो. डाळीचा डबा रिकामा असला, तर त्यावर 'भरलेला' अशी चिठ्ठी चिकटवून आमटी होत नाही, हे गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. पण ही म्हण रचली गेली तेव्हा कंपनी नावाचे प्रकरण आपल्याकडे रुजलेले नव्हते. कंपनीत डबा एकाच्या घरी, चिठ्ठी लिहिणारा दुसरा, ती वाचून मान डोलावणारा तिसरा, आणि डाळीचे पैसे भरणारे लाखो लोक चौथ्याच गावी! अशा ठिकाणी पैशाचे सोंग आणता येते, वर्षानुवर्षे वठवता येते, आणि प्रसंगी त्याबद्दल बक्षीसही मिळवता येते.

मी हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. हैदराबादच्या 'सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दल 'गोल्डन पीकॉक' नावाचे पारितोषिक मिळाले होते. त्यानंतर चार महिनेही उलटले नाहीत, तोच ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी आपल्या संचालक मंडळाला एक पत्र लिहिले. पत्र फार लांब नव्हते. वह्यांत कंपनीची रोकड आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली आहे, त्यांतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या नसलेल्या पैशांवर मिळालेले म्हणून दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही नाही. १,२३० कोटींचे देणे वह्यांत दाखवलेलेच नाही. आणि येणे रकमेत ४९० कोटी फुगवून लिहिले आहेत. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी आपली अवस्था वाघावर बसलेल्या माणसासारखी झाली होती, असे लिहिले. उतरावे तर वाघ खाणार, बसून राहावे तर तो कुठे नेईल याचा नेम नाही.

त्या दिवशी सत्यमचा शेअर १७९ रुपयांच्या आसपास होता, तो संध्याकाळपर्यंत ४० रुपयांच्या घरात आला. मुंबईचा निर्देशांक ७४९ अंकांनी कोसळला. कंपनी १९८७ साली स्थापन झालेली, देशातल्या पहिल्या चार मोठ्या संगणक कंपन्यांपैकी एक, २००१ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेली, पन्नास हजारांच्या घरात नोकरवर्ग असलेली. आपल्या पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतली मुले-मुली तिच्यात नोकरीला होती. पुढच्या महिन्याचा पगार होणार की नाही, याची त्यांच्या घरी चिंता सुरू झाली. आणि नाव? सत्यम! मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी नामकरणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. राजू कुटुंबाच्या दुसऱ्या दोन कंपन्यांचे नाव 'मेटास' होते. इंग्रजी अक्षरांत ते उलटे वाचले, की 'सत्यम' होते. सत्य उलटे करून ठेवलेले इतके उघड दिसत असून कोणाच्या ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावे!

आता त्या पत्रातला एक आकडा जरा सावकाश पाहू, कारण सारे मर्म त्यात आहे. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत कंपनीने उत्पन्न दाखवले २,७०० कोटी, खरे होते २,११२ कोटी. म्हणजे ५८८ कोटी जास्त. कामकाजातला नफा दाखवला ६४९ कोटी, खरा होता ६१ कोटी. पुन्हा ५८८ कोटीच जास्त. दोन्ही फरक रुपयाला रुपया सारखे! असे का झाले असावे? खऱ्या धंद्यात शंभर रुपयांचे काम मिळाले, तर सत्तर-ऐंशी रुपये पगार, भाडे, वीज, प्रवास यांत जातात आणि उरतो तो नफा. परंतु जे काम कोणी केलेच नाही, त्याला ना पगार लागतो ना वीज. खोट्या उत्पन्नाचा सगळाच्या सगळा रुपया नफा होऊन बसतो. असा धंदा जगात दुसरा नाही. खऱ्या धंद्यात रुपयामागे तीन पैसे सुटत होते, तिथे जगाला चोवीस पैसे दिसत होते, ते या जादूमुळे.

जादूची साधने मात्र अगदी साधी होती. अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगाने नंतर जे मांडले, त्याप्रमाणे सहा हजारांहून अधिक खोटी बिले तयार करण्यात आली होती. बिल झाले, की त्याचे पैसे आले असे दाखवावे लागते. म्हणून बँकेची खोटी पत्रके तयार झाली. पैसे आले, की ते कुठेतरी ठेवावे लागतात, म्हणून मुदतठेवी दाखवाव्या लागल्या. ठेवींवर व्याज यायला हवे, म्हणून व्याजही लिहावे लागले. एक खोटे बोलले, की ते झाकायला सात बोलावी लागतात, हे आपण मुलांना सांगतो ते हेच. फक्त इथे प्रत्येक खोट्याला क्रमांक, तारीख आणि शिक्का होता.

हिशेबतपासनीस काय करीत होते, हा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. तपासनीस होते प्राइस वॉटरहाउस, जगातले मोठे नाव. तपासणीचा बाळबोध नियम असा, की बँकेत शिल्लक किती हे तपासनिसाने स्वतः बँकेला विचारावे आणि उत्तर थेट स्वतःकडे मागवावे. इथे बँकेची म्हणून जी पत्रे आली, ती कंपनीच्या माणसांच्या हातून आली, आणि तपासनिसांनी ती खरी धरली. शाळेत मुलाच्या प्रगतिपुस्तकावर बापाची सही मुलानेच आणून दाखवावी आणि गुरुजींनी ती पाहून समाधान मानावे, त्यातलाच प्रकार. अमेरिकेत २०११ साली या संस्थेच्या भारतातल्या शाखांना ७५ लाख डॉलर दंड झाला. आपल्याकडे 'सेबी'ने २०१८ मध्ये दोन वर्षांची बंदी घातली, ती अपिलात २०१९ मध्ये उठली.

पण हे सारे कशासाठी? माणूस लबाडी करतो ती पोटासाठी किंवा पेटीसाठी, अशी आपली समजूत. राजूंनी पत्रात लिहिले होते, की मी अथवा कार्यकारी संचालकांनी कंपनीतून एक रुपयाही घेतला नाही, आणि गेल्या आठ वर्षांत, दानधर्मासाठी विकलेला थोडा भाग सोडता, आपले शेअरही विकले नाहीत. सुरुवातीला खरा आणि दाखवलेला नफा यांत थोडेच अंतर होते. ते वर्षागणिक वाढत गेले. ते उघड करावे, तर शेअर पडणार, आणि प्रवर्तकांचा वाटा लहान असल्यामुळे कोणीतरी कंपनीच ताब्यात घेणार, ही भीती. म्हणजे नफा दाखवायचा तो शेअरचा भाव टिकावा म्हणून, आणि भाव टिकवायचा तो गादी टिकावी म्हणून. शिवाय त्याच शेअरांवर कर्जे काढलेली होती. गहाण टाकलेल्या दागिन्याचा भाव उतरला, की सावकार दाराशी येतो. इथेही तेच झाले. २००८ च्या डिसेंबरात कर्ज देणाऱ्यांनी गहाण शेअर विकायला काढले.

'एक रुपयाही घेतला नाही' हे म्हणणे सेबीला पटले नाही. राजू व इतर चौघांना तिने २०१४ मध्ये चौदा वर्षे बाजारात येण्यास मनाई केली आणि १,८४९ कोटी रुपये परत करण्यास सांगितले. अपिलांच्या फेऱ्यांत ही रक्कम पुढे पुष्कळ खाली आली. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजूंसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. महिनाभरात शिक्षा स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला.

इथे साहेबांच्या पगाराचा विषय येतो, आणि तो आपल्याला वाटतो तितका नवा नाही. मुंबईच्या पहिल्या कापडगिरण्या १८५० च्या दशकात उभ्या राहिल्या, तेव्हा त्या चालवण्याचे काम 'मॅनेजिंग एजंट' नावाच्या पेढ्यांकडे असे. त्यांचा मोबदला ठरलेला होता: तयार मालाच्या दर पौंडामागे पाव आणा. म्हणजे जुना एक पैसा. नफा होवो वा तोटा, माल विकला जावो वा गोदामात कुजो, एजंटाचा पैसा वजनावर पक्का! मग एजंट काय करील? गिरणी रात्रंदिवस चालवील, सूत काढीत सुटेल, आणि भागधारक गोदामाच्या दाराशी उभा राहून आपल्या लाभांशाची वाट पाहील. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये स्वदेशी मिलच्या वेळी ही रीत बदलून मोबदला नफ्यावर घेण्याचे ठरवले. नफ्याच्या दहा टक्के. कंपनीचे भले झाले तर चालवणाऱ्याचे भले. त्या काळच्या मानाने ही मोठीच सुधारणा होती.

पण प्रत्येक मोजमापाची एक खोड असते. वजनावर मोबदला दिला, की वजन वाढते. नफ्यावर दिला, की नफा वाढतो. आणि नफा ही वस्तू सुतासारखी तराजूत घालता येत नाही, ती लिहावी लागते. लिहिणारा कोण? ज्याला मोबदला मिळायचा, तोच किंवा त्याच्या हाताखालचा. १९५६ च्या कंपनी कायद्याने संचालकांच्या एकूण मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातली. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत ३ एप्रिल १९७० पासून कायद्याने बंद झाली. ११ टक्क्यांचा आकडा मात्र २०१३ च्या नव्या कायद्यातही राहिला. फरक एवढाच, की मर्यादेपलीकडे जायचे तर पूर्वी सरकारची परवानगी लागे, २०१८ पासून भागधारकांचा विशेष ठराव पुरतो. आता ज्या कंपनीत निम्म्याहून अधिक भागधारक म्हणजे प्रवर्तक आणि त्यांचे गोत, तिथे हा ठराव नापास होणे किती कठीण, हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही.

पगाराच्या तक्त्यातली रक्कम हा साहेबांच्या मिळकतीचा दिसणारा भाग. त्याखेरीज असतो बोनस, आणि असतात 'स्टॉक ऑप्शन', म्हणजे आजच्या भावाने पुढे कधीतरी शेअर घेण्याचा हक्क. भाव वाढला तर घ्यायचा, पडला तर घ्यायचा नाही. तोटा होण्याची भीतीच नाही! अशा माणसाचा जीव भावात अडकला, तर नवल काय? अमेरिकेतले पॉल हीली नावाचे एक संशोधक १९८५ साली याच विषयाच्या मागे लागले होते. त्यांना आढळले, की बोनसला जिथे वरची मर्यादा आहे आणि नफा ती ओलांडून गेला आहे, तिथे अधिकारी नफा वाढवीत नाहीत, उलट कमी करून दाखवतात. जास्तीचा नफा पुढल्या वर्षाच्या कणगीत टाकतात. आणि वर्ष इतके वाईट आहे, की बोनस मिळण्याची आशाच नाही, तर हाती लागेल तो खर्च त्याच वर्षाच्या माथी मारून मोकळे होतात. बुडायचेच, तर गळ्यापर्यंत कशाला, डोक्यावरून पाणी जाऊ दे! पुढले वर्ष आपोआप चांगले दिसते. यात एकही बिल खोटे नसते. विक्री मार्चअखेर की एप्रिलच्या पहिल्या तारखेला, बुडीत येण्यासाठी किती तरतूद, यंत्राचे आयुष्य आठ वर्षे की दहा, असल्या प्रश्नांची उत्तरे सोयीने द्यायची, एवढेच. ताळेबंद या आपल्या शब्दात 'ताळा' आहे. उत्तर पुन्हा पडताळून पाहायचे, तो ताळा. पण गणित घालणाराच उत्तर आधी ठरवून बसला असेल, तर ताळा हमखास पटतो.

आपल्यासारख्या देशांत या रोगाला आणखी एक अंग आहे. १९८१ साली जागतिक बँकेच्या परिवारातल्या एका संस्थेत काम करणाऱ्या आंत्वान व्हान आग्तमाल यांनी गरीब देशांच्या शेअरबाजारांसाठी 'इमर्जिंग मार्केट्स' हा शब्द काढला. 'तिसरे जग' म्हटले, की परदेशी पैसा बिचकतो. 'उगवते बाजार' म्हटले, की तोच पैसा खुशीने येतो. शब्दाची किंमत किती असते पाहा! या उगवत्या देशांतल्या कंपन्यांवर बहुधा एका घराण्याची मांड असते. तिथे पगार वाढवून घेण्यापेक्षा एका खिशातले दुसऱ्या खिशात टाकणे सोपे. ज्या कंपनीत लोकांचा पैसा जास्त, तिने घराण्याच्या दुसऱ्या कंपनीची जमीन चढ्या भावाने घ्यायची. १९९० नंतरच्या चेकोस्लोव्हाकियातून, म्हणजे पुढच्या चेक देशातून, याला एक नाव आले: भुयार खणणे. वरून वाडा शाबूत, आतून तिजोरी शेजारच्या वाड्यात!

सत्यमने १६ डिसेंबर २००८ रोजी नेमके तेच करू पाहिले. मेटास प्रॉपर्टीज पूर्ण आणि मेटास इन्फ्रा ५१ टक्के, मिळून १६० कोटी डॉलरना घ्यायचे ठरले. संगणकाच्या कंपनीने जमीनजुमला आणि बांधकाम का घ्यावे, हे कोणालाच उमगेना. न्यूयॉर्कमध्ये शेअर निम्म्याहून खाली गेला आणि बारा तासांच्या आत बेत मागे घ्यावा लागला. राजूंच्या पत्रातून नंतर कळले, की वह्यांतली खोटी रोकड खऱ्या जमिनीने भरून काढण्याचा हा शेवटचा यत्न होता. पैसे द्यायचे होते ते नसलेले, आणि घ्यायच्या होत्या त्या असलेल्या जमिनी. कल्पना मोठी बेमालूम! त्या दिवशीच्या ठरावाला ज्या मंडळाने मान्यता दिली, त्यात माजी कॅबिनेट सचिव होते, व्यवस्थापन शाळेचे प्रमुख होते आणि हार्वर्डचे एक प्राध्यापक होते. हे प्राध्यापक, वर सांगितलेल्या हीलींच्या जोडीने, ताळेबंद कसा वाचावा याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे! मंडळाला खऱ्या स्थितीची कल्पना नव्हती, असे राजूंनीच पत्रात नमूद केले आहे. पुस्तक लिहिणे निराळे आणि महिन्या-दोन महिन्यांतून एका बैठकीला येऊन पन्नास पानांचा अहवाल चाळणे निराळे, एवढाच याचा अर्थ घ्यायचा.

हे केवळ आपल्याकडेच घडते, असे कोणी समजू नये. चीनमध्ये 'लकिन कॉफी' नावाची दुकानांची साखळी २०१७ साली निघाली आणि मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदलीही गेली. पुढे जानेवारी २०२० मध्ये एक निनावी अहवाल फिरू लागला. तो तयार करणाऱ्यांनी काय करावे? ९२ पूर्णवेळ आणि १,४१८ अर्धवेळ माणसे दुकानादुकानांत बसवून ११,२६० तासांचे चित्रीकरण केले, गिऱ्हाइके मोजली आणि पंचवीस हजारांहून अधिक पावत्या गोळा केल्या. दुकाने दाखवतात तेवढे कप विकत नाहीत, असे निघाले. कंपनीने आधी इन्कार केला, आणि २ एप्रिलला कबूल केले, की सुमारे २२० कोटी युआनची विक्री बनावट होती. एका दिवसात शेअर तीन-चतुर्थांश उतरला. अध्यक्षांच्या बाजूने शेअर गहाण टाकून काढलेले ५१.८ कोटी डॉलरचे कर्ज लगोलग बुडीत निघाले. पुन्हा गहाण शेअर! भूगोल बदलला तरी गोष्ट तीच. मला त्या दीड हजार माणसांचे मात्र फार अप्रूप वाटते. मोठमोठ्या तपासनिसांच्या नजरेतून जे सुटले, ते दुकानाच्या कोपऱ्यात बसून कप मोजणाऱ्यांनी पकडले.

दक्षिण आफ्रिकेतल्या 'स्टाइनहॉफ' या फर्निचर विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख मार्कुस योस्टे यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला आणि काही दिवसांत शेअरची नव्वद टक्के किंमत नाहीशी झाली. २०१९ च्या चौकशीत ६५० कोटी युरोंचे खोटे अथवा अनियमित व्यवहार निघाले. तिथल्या सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाचा पैसा त्यात होता. शाळामास्तर, परिचारिका, पोलीस यांच्या म्हातारपणाची ती पुंजी. योस्टेंना ४७.५ कोटी रँडचा दंड २० मार्च २०२४ रोजी झाला, आणि दुसऱ्याच दिवशी ते मृत्यू पावले. ब्राझीलच्या 'अमेरिकानास' या दुकानांच्या साखळीत तर नव्या प्रमुखाने जानेवारी २०२३ मध्ये जागेवर बसून दहा दिवस व्हायच्या आत २,००० कोटी रियालची गफलत जाहीर केली आणि लगेच राजीनामा दिला.

पेन्शनीचा विषय निघाला म्हणून आपल्या मुंबईतले उदाहरण सांगतो. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्य कचेरी असलेली 'आयएल अँड एफएस' ही रस्ते, पूल यांना पैसा पुरवणारी संस्था. तिच्या रोख्यांना २०१८ च्या पावसाळ्यापर्यंत सर्वोच्च पतदर्जा होता. सप्टेंबरात तो थेट तळाला गेला. देणे ९०,००० कोटींच्या वर, पोटातल्या कंपन्या साडेतीनशेच्या आसपास. १ ऑक्टोबरला सरकारने जुने मंडळ बाजूला करून नवे नेमले. सर्वोच्च दर्जा पाहून अनेक नोकरदारांच्या प्रॉव्हिडंट फंडांनी तिचे रोखे घेतले होते. त्यांतल्या पुष्कळांनी जन्मात कधी शेअरबाजाराची पायरी चढलेली नसेल. 'आमचा त्या सट्ट्याशी काय संबंध' असे म्हणणाऱ्या मंडळींनी इतके ध्यानात घ्यावे, की आपण बाजारात गेलो नाही, तरी आपला फंड आणि आपला विमा तिथे रोज जाऊन येतो.

सत्यमच्या प्रकरणात आपल्या छोट्या भागधारकाचे काय झाले, ते फारसे कोणी सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये शेअर घेतलेल्या लोकांनी एकत्र येऊन तिथल्या न्यायालयात दावा लावला. २०११ मध्ये सत्यमने १२.५ कोटी डॉलर आणि तपासनिसांनी २.५५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. हैदराबादचा किंवा डोंबिवलीचा भागधारक मात्र रिकाम्या हाताने राहिला, कारण असा सामुदायिक दावा लावण्याची सोयच त्या वेळी आपल्या कंपनी कायद्यात नव्हती. एकाच कंपनीची, एकाच लबाडीने बुडालेली दोन माणसे; एकाला भरपाई, दुसऱ्याला वर्तमानपत्र. २०१३ च्या कायद्यात २४५ वे कलम घालून ही वाट केली गेली. ती चालायला अजून फार पावले पडलेली नाहीत.

काही गोष्टी सुधारल्या, हे कबूल केले पाहिजे. प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकले, हे जाहीर करण्याची सक्ती सेबीने त्याच जानेवारी २००९ मध्ये केली. तपासनीस-पेढी दहा वर्षांनी बदलावी लागते. त्यांच्यावर नजर ठेवायला २०१८ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. हिशेब खोटे निघून फेरलिहावे लागले, तर वरिष्ठांनी त्यापायी घेतलेला जादा मोबदला वसूल करता येतो, असे १९९ वे कलम आहे. आणि एक गमतीची नोंद दर नोंदलेल्या कंपनीला आपल्या वार्षिक अहवालात द्यावीच लागते: कंपनीतले सगळे नोकर पगाराप्रमाणे रांगेत उभे केले, तर बरोबर मध्यावर जो येईल, त्याच्या पगाराच्या किती पट पगार कोणत्या संचालकाला मिळतो. आपल्याकडे असे अहवाल आले, की ते रद्दीत जातात किंवा न उघडता संगणकात पडून राहतात. एकदा तेवढे पान उघडून पाहावे. त्याच बैठकीत रोख प्रवाहाचे पत्रकही पाहावे. नफा दर वर्षी वाढतो आहे आणि कामकाजातून हाती येणारी रोकड मात्र वाढत नाही, असे दिसले, तर डब्यावरची चिठ्ठी आणि आतली डाळ यांचा मेळ नाही, असे समजायला हरकत नाही. सत्यममध्ये तर सोंग रोकडीचेच होते, तेव्हा या उपायालाही मर्यादा आहे. पण तिथेही एक प्रश्न घरातल्या कोणालाही सुचला असता: एवढे पाच हजार कोटी बँकेत पडून असताना, शेअर गहाण टाकून कर्जे काढण्याची पाळी या घराण्यावर का येते?

सरकारने ते प्रकरण मात्र चपळाईने हाताळले. राजूंच्या पत्रानंतर आठवड्याभरात दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना मंडळावर नेमले, पगार चुकू दिले नाहीत, आणि एप्रिल २००९ मध्ये लिलाव करून कंपनी ५८ रुपये भावाने टेक महिंद्रला दिली. २०१३ मध्ये ती तिच्यातच विलीन झाली. पन्नास हजारांपैकी पुष्कळांची घरे त्यामुळे वाचली. नव्या मालकांनी वह्या पहिल्यापासून लिहून काढल्या, तेव्हा २००८-०९ या एका वर्षाचा तोटा आठ हजार कोटींच्या वर निघाला.

मग एक निराळाच पेच पुढे आला. सोंग पुरे वठावे म्हणून सत्यमने त्या नसलेल्या नफ्यावर आणि नसलेल्या ठेवींच्या नसलेल्या व्याजावर वर्षानुवर्षे प्राप्तिकर भरला होता. तो मात्र अस्सल नाण्यात. जे उत्पन्न झालेच नाही, त्यावरचा कर परत द्या, असे नवे मालक म्हणू लागले. तुम्हीच सही करून एवढे उत्पन्न सांगितले होते, असे खाते म्हणू लागले. आणि तो वाद घेऊन दोघेही पुढे कित्येक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले.